जावयाचा कागद

प्रकरण थोडक्यात असं. मुलगी नागपूरची, वय ३०. लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये. नवरा २०२२ पासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघाचा परवाना) नोकरीला. तिला त्याच्याकडे कायम राहायला जायचं, म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. मुलगी माझी सख्खी भाची. मी एजी (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त झालेला ऑडिटर, त्यामुळे "मामा बघतील" असं ताईनं ठरवलं आणि फाईल माझ्या पिशवीत आली. लग्नापासून पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत साडेनऊ महिने गेले. त्यातले व्हिसाचे खरे महिने तीन. उरलेले साडेसहा आम्ही घरच्या घरी खर्च केले. ते कसे, त्याचीच ही हकीकत. नावं मुद्दाम टाळली आहेत, नात्यांवर भागतं.

आधी नियम, कामापुरते. युरोपात फिरायला जातात तो शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. त्याहून जास्त राहायचं तर त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, त्याला डी व्हिसा म्हणतात. जर्मनीचा हा व्हिसा ७५ युरोला पडतो, पैसे रुपयांत भरायचे. जानेवारी २०२५ पासून अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. कागद तिथं चढवायचे, मग वेळ मिळाली की अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे, फोटो आणि मूळ कागद दाखवायचे. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. नवरा-बायकोच्या व्हिसाला एरवी बायकोला जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हावी लागते, पण नवरा ब्लू कार्डवाला असेल तर ती अट नाही. ही सूट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला वरवर माहीत होती पण उमजली नव्हती. व्हिसा मुंबईतून मिळतो, पण मुंबईवाले एकटे ठरवत नाहीत. नवरा राहतो त्या भागातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ते विचारतात आणि त्यांची संमती आल्यावर शिक्का मारतात. म्हणजे एकाच फाईलचे वाचक दोन. एक मुंबईत, त्याच्यासमोर आमचे कागद. दुसरा तिकडे, त्याच्यासमोर आमच्या कागदांबरोबर सरकारी नोंदवहीही उघडी. आम्ही सगळी तयारी पहिल्या वाचकासाठी केली.

तिची चार नावं

सुरुवात झाली भाचीच्या नावापासून. आपल्याकडे मुलीच्या कागदांची छाननी म्हणजे नावाची छाननी, आणि त्यात घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. तिच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं. नुसतं "मुलगी" आणि आईबापांची नावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात तिचं नाव आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी. आधार कार्डावर एप्रिलपासून नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव, कारण सासूबाई म्हणाल्या बँकेचं काम अडेल. लग्नात अंगठीनं तांदळात लिहिलेलं पाचवं नावही होतं, पण ते ताटातच राहिलं. नशीब आमचं.

मग बैठका. नागपुरातल्या महाल भागात ताईच्या घरी रविवारी दुपारी पाच-सहा मोठी माणसं जमायची आणि एका मुलीला नाव कोणतं असावं यावर बोलायची. सासरकडून निरोप: पासपोर्टवर सासरचं नाव हवं, नाहीतर तिकडे नवरा-बायको आहेत हे कळणार कसं? भाऊजींना ते पटायचं, ताईला नाही. सीताबर्डीवरचा एक एजंट म्हणाला, "काका, पासपोर्ट बदलून घ्या, एफिडेव्हिट करा, गॅझेट करा, मग कुणी बोट ठेवू शकत नाही."

माझं मत मी तेव्हाच दिलं होतं आणि ते आजही बदललेलं नाही. लग्नानंतर बाईनं पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे नियम नाही. व्हिसाच्या अर्जावर नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं. विवाह प्रमाणपत्रावर तिचं माहेरचंच नाव होतं, पासपोर्टसारखं, अक्षर न् अक्षर. म्हणजे जे दोन कागद एकमेकांना भेटणार होते त्यांचा मेळ आधीच लागलेला. आधार कार्ड त्या फाईलमध्ये मागितलेलंच नाही. दहावीची गुणपत्रिका मागितलेली नाही. आपण न मागितलेले कागद नेऊन द्यायचे आणि मग त्यांचा एकमेकांशी मेळ बसवत बसायचं, हा उद्योग कशाला? ऑडिटमध्ये शिकलो ते हेच: जितकी व्हाउचरं जास्त, तितके आक्षेप जास्त.

पण हे पटवायला एप्रिल आणि मे गेला. पासपोर्ट तसाच ठेवायचं अखेर ठरलं ते माझ्या युक्तिवादानं नव्हे. नवीन पासपोर्ट म्हणजे पुन्हा पोलीस व्हेरिफिकेशन, आणि आता मुलीचा पत्ता कोणता द्यायचा, माहेरचा की सासरचा, यावर दोन्हीकडचे अडकले. भांडणानं वाचवलं म्हणायचं.

एजंटचे दोन शिक्के

तोवर एजंटनं एक काम करून ठेवलं होतं. विवाह प्रमाणपत्राला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावायचं सरकारी प्रमाणीकरण. आधी मुंबईत मंत्रालयातल्या गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं चिकटपत्र. साडेपाच हजार रुपये आणि तीन आठवडे. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला ते चौकोनी चिकटपत्र लावून आणलं तेव्हा भाऊजींनी ते असं हातात धरलं की जणू सातबाराच.

भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, ही गोष्ट खरी. पण करारात येणाऱ्या नव्या देशावर आधीचा देश हरकत घेऊ शकतो, आणि जर्मनीनं भारतावर हरकत घेतली. त्यामुळे भारत आणि जर्मनी या दोघांत हा करार चालत नाही. चिकटपत्र नेदरलँड्सला चालेल, फ्रान्सला चालेल, जर्मनीला नाही. शंका आली तर भारतीय कागद खरा की खोटा हे जर्मन दूतावास आपल्या पद्धतीनं, इथल्या विश्वासू वकिलामार्फत तपासून घेऊ शकतो, आणि तो खर्च अर्जदाराच्या माथी. आमच्यावर ती वेळ आली नाही. साडेपाच हजार मात्र गेले. मी एजंटला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, लावलं तर बिघडलं काय?" बिघडलं काहीच नाही. आमच्या ऑफिसात याला निष्फळ खर्च म्हणत.

त्याच प्रमाणपत्रावर खरी चूक होती आणि ती चिकटपत्राच्या उलट बाजूला, म्हणजे पुढच्या बाजूला होती. जावयाच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये "व" साठी डब्ल्यू छापला होता. त्यांच्या पासपोर्टवर व्ही. ही चूक कुठून आली ते शोधलं. विवाहनोंदणीचा अर्ज भाऊजींनी भरला होता. जावईबापूंची सुट्टी २४ दिवसांची. लग्न, सत्यनारायण, कुलदैवताला जाणं, नातलगांची जेवणं यात दिवस संपत आले आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात जायला मिळाले ते शेवटचे चार दिवस. तीन साक्षीदार गोळा केले, भटजींची सही आणली, फॉर्म भरायला घेतला आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग भाऊजींनी लग्नपत्रिकेवरून उतरवलं. पत्रिका छापणाऱ्यानं त्याला वाटलं तसं छापलेलं.

"जावयाचा पासपोर्ट बघून का नाही भरलं?" मी विचारलं.

भाऊजी माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काही वावगं बोललो. "आता लग्न होऊन वीस दिस नाही झाले, अन् त्यायले पासपोर्ट मागू? काय वाटीन त्यायले?"

मी तेव्हा हसलो. चूक दुरुस्त करून घेतली, झोन कार्यालयात अकरा दिवसांत नवीन प्रमाणपत्र मिळालं, तिथल्या बाईंनी मूळ नोंदवही काढून माझ्यासमोर लाल शाईनं दुरुस्ती केली. पण भाऊजींचं ते वाक्य मी आक्षेप म्हणून टिपून ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. ही माझी चूक, आणि ती पुढे महागात पडणार होती.

टिक

जूनच्या शेवटी पोर्टलवर अर्ज भरायला घेतला. भाचीनं स्वतःची माहिती भरली, जावयानं तिकडून आपले कागद चढवले: पासपोर्टची प्रत, ब्लू कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, नोकरीचा करार, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, विम्याचं पत्र आणि तिथल्या नगरपालिकेचा राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. जर्मनीत कुठेही राहायला गेलं की दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, त्याचा हा दाखला. जावयानं तो जुलैतच ताजा काढला होता. सगळ्या पीडीएफ त्यांनी मला पाठवल्या, मी बर्डीवरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन संच काढले, यादी समोर ठेवली आणि एकेका कागदावर पेन्सिलीनं टिक करत गेलो.

इथे थांबतो जरा. चौतीस वर्षं मी लोकांच्या फायली तपासल्या. कागद आहे, एवढ्यावर टिक करायची नसते; कागद काय म्हणतो ते वाचून टिक करायची असते, हे मी नवीन पोरांना शिकवायचो. नोंदणीचा दाखला जर्मनमध्ये होता. वरती जावयाचं नाव दिसलं, पत्ता दिसला, गोल शिक्का दिसला. टिक केली. पुढचा कागद.

भाचीनं ते संच पाहिले नाहीत. का? कारण फाईल माझ्या पिशवीत. "हरवशील, मळवशील" म्हणून मी तिला हातच लावू देत नव्हतो. जिच्या नावावर अर्ज, तिनं फाईल एकदाही उलगडलेली नाही, आणि घरातल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही.

मधल्या काळात एक धाकधूक वाढली. जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करायची सोय बंद केली. आता नकार आला की दोनच वाटा: नव्यानं अर्ज, नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. महालातून बर्लिनला दावा लावायचा! ताईनं त्या दिवसापासून टेकडीच्या गणपतीला रोज जायला सुरुवात केली.

वेटिंग रूम

अर्ज केंद्रातली वेळ मिळाली सोमवार, २५ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा. शनिवारी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, निघाली होती, काळी आणि पिवळी दोन्ही. भाचीनं गच्चीवरून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळीही ठोकली. भाऊजींना समृद्धी महामार्गानं गाडी न्यायची होती, जूनमध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा सुरू होऊन आता सलग ७०१ किलोमीटर झालाय, आठ तासांत मुंबई, वगैरे. मी दुरांतोची तिकिटं काढली. रात्री झोपून जायचं असतं अशा कामाला.

सकाळी सीएसएमटीला उतरलो. वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, चहा घेतला. केंद्रात माणूस सोबत नेता येत नाही, अर्जदारानं एकट्यानं आत जायचं. म्हणून तिथे बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा फाईल तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, क्रम समजून घे.

ती पानं उलटत गेली. पगाराच्या पावत्या, करार. मग थांबली.

"मामा, हे बघा न."

"काऊन, काय झालं?"

तिनं नोंदणीच्या दाखल्यावर बोट ठेवलं. खालून चौथी ओळ. एका बाजूला एक लांबलचक शब्द, समोर एक छोटा. "हे कौटुंबिक स्थिती. अन् इथे लेडिग लिहिलंय."

"म्हणजे?"

"अविवाहित."

तिनं ए-वनचा क्लास लावला होता. परीक्षेची गरज नाही हे कळल्यावर अर्ध्या घराचं म्हणणं होतं की पैसे वाया घालवू नको. ती गेली, रामदासपेठेत आठवड्यातून तीन दिवस, पाच महिने. ए-वनच्या अगदी सुरुवातीच्या धड्यात फॉर्म भरायला शिकवतात: नाव, आडनाव, जन्मगाव, लेडिग की फेरहायराटेट. अविवाहित की विवाहित. तेवढा एक शब्द तिला येत होता आणि मला नाही.

तर हातातल्या फाईलची अवस्था अशी. आम्ही म्हणतोय की ही या माणसाची बायको, लग्न फेब्रुवारीत झालं. आणि त्या माणसाचा स्वतःचा, त्याच्याच गावच्या नगरपालिकेनं दिलेला, जुलैतला दाखला म्हणतोय की हा अविवाहित आहे.

पावणेनऊ वाजले होते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिकडे सव्वापाच. भाचीनं फोन लावला. पहाटे बायकोचा फोन म्हटल्यावर जावईबापू घाबरूनच उठले.

"अहो, तुम्ही तिथे लग्न झाल्याचं कळवलं नाही का नगरपालिकेत?"

थोडा वेळ शांतता. मग, "कळवायचं असतं?"

त्यांचा दोष म्हणावा तर कितीसा? २०२२ मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा पत्ता नोंदवला, तेव्हा अविवाहितच होते. पुढे त्या कार्यालयात जायचं कारण पडलं नाही. लग्न भारतात झालं, त्या नोंदवहीला ते आपोआप कळणार कसं? आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. आम्ही तिच्या चार नावांवर दोन महिने घातले, तिचा जन्मदाखला, तिची दहावी, तिचं आधार उलटंसुलटं केलं. त्यांच्याकडून आलेला प्रत्येक कागद मात्र आम्ही प्रसादासारखा घेतला. स्पेलिंगची चूक झाली तेव्हाही हेच झालं होतं. ज्याचे पाय धुतले त्याला "तुमचा नोंदणीचा कागद काय म्हणतो ते जरा वाचून सांगा" असं म्हणायचं कुणी? मागितलं असतं तर त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं असतं. जर्मन त्यांना चांगली येते.

पान काढायचं की ठेवायचं

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथेच झाला आणि अशा वेळी डोकं चालत नाही.

भाऊजींना फोन केला, त्यांनी एजंटला केला, एजंटनं मला केला. "काका, घाबरू नका. ते पान काढून टाका. केंद्रातला माणूस फक्त मोजतो. पत्त्याचा पुरावा म्हणून घरभाड्याचा करार लावा."

एक क्षण मला ते सोपं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, तो दाखला पोर्टलवर जुलैपासून चढलेलाच होता. कागदी संचातून काढून दडणार काय? दुसरी, दडवायचं कुणापासून? जावयाच्या गावच्या त्या दुसऱ्या वाचकाला आमच्या पानाची गरजच नाही. त्याच्या पडद्यावर नोंदवही आहे आणि तिच्यात लेडिग आहे. पान काढलं तर विसंगती तशीच राहील, वर लपवाछपवीचा वास येईल.

दुसरा पर्याय, आजची वेळ सोडून द्यायची, आधी तिकडची नोंद दुरुस्त करून घ्यायची आणि मग पुन्हा वेळ मागायची. हा पर्याय चुकीचा नव्हता. पुन्हा वेळ कधी मिळेल या भीतीपोटी आम्ही तो घेतला नाही, हे कबूल करतो.

तिसरा पर्याय भाचीनं काढला. "आपणच सांगून टाकू न."

फोर्टात एका झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून तिनं इंग्रजीत एक पान हातानं लिहिलं. मी दोन वाक्यं खोडली. त्यात "नजरचुकीनं" आणि "क्षमस्व" फार होतं. उरलं ते एवढं: सोबतच्या नोंदणी दाखल्यावर माझ्या पतीची वैवाहिक स्थिती अविवाहित अशी आहे. त्यांनी ही नोंद २०२२ मध्ये केली तेव्हा ती बरोबर होती. आमचा विवाह फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूर येथे झाला, प्रमाणपत्र सोबत आहे. विवाहाची माहिती त्यांनी अजून नोंदणी कार्यालयाला दिलेली नाही. ती ते देत आहेत आणि सुधारित दाखला मिळताच पाठवू. खाली तारीख, सही.

जावयानं तोवर आपल्या पासपोर्टच्या त्या पानांचे फोटो पाठवले ज्यांवर फेब्रुवारीतला भारतात आल्याचा आणि परत गेल्याचा शिक्का आहे. ही माझी सूचना. विवाहाची तारीख त्या दोन शिक्क्यांच्या मधोमध पडत होती. दोन प्रती काढल्या, पत्राला टाचल्या. दहा रुपये झाले. अपोस्टिलला साडेपाच हजार.

ती साडेअकराला आत गेली. पाऊस पडत होता, मी समोरच्या इमारतीच्या छज्जाखाली उभा. एक वाजता बाहेर आली. खिडकीवरच्या मुलीनं पत्र वाचलं, काही न बोलता नोंदणीच्या दाखल्यामागे लावून घेतलं, मूळ प्रमाणपत्र बघून परत दिलं, बोटांचे ठसे घेतले. संपलं.

नंतर

त्या आठवड्यात जावई आपल्या गावच्या नोंदणी कार्यालयात गेले. तिथे मागितलं: मूळ विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं शपथबद्ध अनुवादकानं केलेलं जर्मन भाषांतर. आमचं प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी आहे, मुंबईला तेवढं चालतं, गावाला नाही. मूळ एकच प्रत, आणि ती कुरिअरनं पाठवायला माझं मन होईना. झोन कार्यालयातून आणखी एक प्रमाणित प्रत काढली, मग पहिली पाठवली. अनुवाद तिकडेच करून घेतला. चिकटपत्राबद्दल तिथल्या माणसानं विचारलंही नाही. सप्टेंबरच्या अखेरीस नोंदवहीत बदल झाला आणि नवा दाखला आला. भाचीनं मला त्याचा फोटो पाठवला, खालून चौथ्या ओळीला लाल गोल केलेला: फेरहायराटेट. दूतावासाला तो त्याच दिवशी ईमेलनं पाठवला, पावतीचं उत्तर काही आलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारणा आली. तीन ओळींची. तुमच्या २५ ऑगस्टच्या पत्रात उल्लेख केलेला सुधारित नोंदणी दाखला सादर करावा. म्हणजे पत्र वाचलं गेलं होतं. आमचा आधीचा ईमेल कुठे गेला कोण जाणे; पुन्हा पाठवला, तासाभरात. महिनाअखेरीला पासपोर्ट मागवला आणि डिसेंबर उजाडायच्या आत तो व्हिसासह कुरिअरनं महालात आला. आमच्याकडे तेव्हा हिवाळी अधिवेशनाची रंगरंगोटी सुरू झाली होती. कुरिअरवाला पोऱ्या ट्रॅफिकला शिव्या देतच जिना चढला.

ताई टेकडीच्या गणपतीला अकरा नारळ देऊन आली. एजंटनं फोन करून अभिनंदन केलं आणि "बघा, अपोस्टिलचा फायदा झालाच" म्हणाला.

जानेवारीत ती गेली. दोन आठवड्यांच्या आत नवऱ्याबरोबर त्याच कार्यालयात जाऊन स्वतःचा पत्ता नोंदवला. नाव अर्थात पासपोर्टप्रमाणे: नावाच्या रकान्यात तिचं आणि वडिलांचं, दोन्ही एका दमात. जर्मनांच्या लेखी ती दोन्ही तिचीच नावं. आता तिथे दाताच्या डॉक्टरकडे नंबर आला की बाई बाहेर येऊन आधी तिचं नाव घेते, मग भाऊजींचं, मग आडनाव. भाचीनं हे सांगितल्यापासून भाऊजी सासरच्या नावाचा विषय काढत नाहीत. येईल त्याला तेवढं सांगतात की जर्मनीत दवाखान्यात आमच्या नावानं हाक मारतात.